आखाजीपर्यंतचा मुक्काम

आंदोलन करणाऱ्या माणसांबद्दल मला सहानुभूती असते, फक्त ते आंदोलन माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर नसलं पाहिजे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कुठे चांगली वागलेली दिसले तर उगाच गैरसमज व्हायला नको.

आमची कॉलनी पिंप्राळ्यात. कॉलनीच्या मध्ये ओपन स्पेस, त्यात एक मोठा कडुनिंब, आणि रस्त्यापलीकडे भाड्याच्या इमारतीत आलेलं एक सरकारी कार्यालय. होळीनंतर एका सकाळी त्या कार्यालयासमोर ट्रॅक्टर येऊन थांबले. तापीकाठचं एक गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं होतं. नव्या जागेचे प्लॉट कागदावर होते, जमिनीवर नव्हते. पाणी चढायच्या आत लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली होती, आणि आता प्रत्येक घराने आपल्या घराचा एक तुकडा आणला होता. कुणी दार, कुणी खांब, कुणी जात्याची तळी, कुणी कौलं. घर देता येत नसेल तर हेही ठेवून घ्या, असं म्हणून त्यांनी सगळं कार्यालयासमोर टाकलं. शिपायाने फाटक लावून घेतल्यावर तो ढीग सरकत सरकत आमच्या ओपन स्पेसमध्ये आला, आणि मागोमाग मांडव, भोंगा आणि माणसंही आली.

सुरुवातीला आम्हीसुद्धा जोरात होतो. कॉलनीच्या बायकांनी ताक केलं, पोह्यांची परात नेली. पेपरात फोटो आला, त्यात माझा अर्धा खांदा आहे. मग लेखी आश्वासन मिळालं, पुढाऱ्यांनी मोसंबीचा रस घेतला, हार पडले, टेम्पो भरून माणसं गेली. मागे राहिला तो पसारा. फाटके बॅनर, पत्रावळ्या, चहाचे कागदी कप, तीन दगडांच्या चुली, मांडववाल्याने नको म्हणून सोडलेली ताडपत्री, आणि तो घरांचा ढीग. त्या ढिगात आधी विंचू निघाला. मग उन्हाळा तापला तशी कुत्री त्याच्या सावलीला येऊन व्यायली. नळाच्या पाण्यावरून भांडणं झाली, आणि सकाळी लोक कुठे बसतात यावरून जी झाली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष कुंदनभाऊ. ते ग्रुपवर रोज सकाळी लांबलचक मेसेज टाकायचे आणि शेवटी जोडलेले हात. "सहनशीलतेचा अंत पाहू नये," असं ते कुणाला म्हणत होते देव जाणे, कारण आंदोलक काही आमच्या ग्रुपमध्ये नव्हते. त्याच कुंदनभाऊंनी ढिगातलं एक सागवानी दार उचलून नेऊन त्याचा टीपॉय करायला टाकला होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण टीपॉय स्वच्छ होता, म्हणून त्याबद्दल कुणी बोललं नाही.

आणि माणसंही पुरती गेली नव्हती. ताडपत्रीखाली तिघं उरली होती. एक हिलाल, चाळिशीचा, सेंटरिंगच्या कामाला जाणारा. त्याला मी विचारलं, बाबा रे, तू का थांबलास? तो म्हणाला, "ताई, आठे रोज काम भेटस. तठे काय शे?" त्याचा राग यायचा, पण त्याचं म्हणणं खरंच होतं. बाकी दोघं म्हणजे निंबा आबा आणि त्यांची बायको बेबाबाई. ती दोघं काहीच करत नसत. आबा दिवसभर गोणपाटाने झाकलेल्या एका लांबट वस्तूजवळ बसून असायचे आणि बेबाबाई त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायची. मला काही न करणाऱ्या माणसांचा भयंकर राग येतो. आमच्या घरात एक आहेच.

शेवटी एका दुपारी मी पदर खोचून गेले.

"आबा, सगळे घरी गेले. आश्वासन मिळालं. तुम्ही इथे का बसलात? जागा धरायची आहे का?"

"आखाजी होऊ द्या ताई," आबा शांतपणे म्हणाले. "मंग आम्ही चालना जासूत."

"आखाजीचं इथे काय आहे?"

त्यांनी गोणपाट बाजूला केलं. खाली कडुनिंबाच्या लाकडाचा जाडजूड उंबरठा होता. वरून झिजून झिजून मधोमध खोलगट झालेला, दोन्ही टोकांना चौकटीच्या खाचांची भोकं आरपार गेलेली. कडेला जुन्या कुंकवाचे काळपट ओघळ.

"हाऊ मना घरना उंबरा शे. मना बाप, मना आजला, बठ्ठा आखाजीले याच उंबरावर येतस."

मी चोपड्याकडची; बठ्ठा, म्हणजे गेलेले सगळे, कसे येतात ते मला सांगावं लागलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आम्ही उंबरठा धुतो आणि त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो. एका बोटाला एक नाव. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, या म्हणायचं. मग पाण्याची घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरसाचं पान वाढायचं. त्या दिवशी पितर घरी येतात, आणि ते दारातूनच येतात. आकाशातून कुठूनही टपकत नाहीत.

"मग मुलाकडे जा. मुलगा आहे ना?"

"आंडोर चोपडाले शे. भाडाना घर. खाली बठ्ठी फरशी, उंबरा नही. घरमालक म्हणस, जुनं लाकूड आणू नका, वाळवी लागी."

"ताई, याले तुम्हीच सांगा काहीतरी," बेबाबाई तांदळातून मान वर न करता म्हणाली. "मनं तं आयकत नही."

पण मी काय सांगणार होते? मी आले होते भांडायला आणि परत गेले ते आखाजीपर्यंतची मुदत देऊन. फक्त इथे घाण करायची नाही, एवढं बजावलं. आबांनी मान हलवली. घाण त्यांनी केलेलीच नव्हती, हे मलाही माहीत होतं.

कुंदनभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "वृषालीताई, ट्रॅक्टर कधीच सांगून ठेवलाय. सणाच्या आत जागा मोकळी पाहिजे. पोरी माहेरी येतील, झोका कुठे बांधायचा? तुमच्या साक्षीची तर पहिली आखाजी."

मी बराच वाद घातला. निदान म्हाताऱ्याचं तेवढं लाकूड सोडा, म्हणाले. ते "बघू, बघू" म्हणाले. मग मी गप्प झाले, कारण साक्षीचं नाव निघालं होतं. माझी एकुलती एक लेक लग्न होऊन धुळ्याला गेली होती. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे माहेरच्या कडुनिंबाला झोका पाहिजेच, आणि आमचा निंब त्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी आबा आणि बेबाबाई घागर आणि डांगर आणायला बाजारात गेले. घागरीवर ठेवायचं ते डांगर, म्हणजे खरबूज, बेबाबाईला स्वतःच्या हाताने वास घेऊन निवडायचं होतं. मी पुरण शिजवत होते. कुकरच्या शिट्ट्यांत ट्रॅक्टरचा आवाज कळलाच नाही. खिडकीत आले तेव्हा ट्रॉली भरून निघालीसुद्धा होती, आणि कडुनिंबाखाली फक्त ओली माती आणि चुलींचे काळे डाग होते. मी तशीच पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावले. ड्रायव्हरला हाका मारल्या. त्याच्या कानात गाणी चालू होती.

तासाभराने दोघं आली. नवी घागर बेबाबाईच्या कडेवर होती. आबा त्या मोकळ्या जागेकडे नुसते बघत उभे राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कोठे टाकतस ह्या?" त्यांनी विचारलं.

"कचरा डेपोवर," मी म्हणाले. "आबा, मी त्यांना सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं."

कामावरून आलेला हिलाल सायकल तशीच वळवून डेपोकडे गेला. अंधार पडायच्या आत परत आला, रिकामाच. "तठे डोंगर शे कचराना," एवढंच म्हणाला. मी पहिल्यांदा त्याला चहा दिला.

"आबा, उद्या आमच्या दारात करा," मी म्हणाले. "आमचाही उंबरठा आहे. मी धुऊन ठेवते."

आबा हसले. हसले म्हणजे, ओठ हलले. "ताई, मना बाप परका दारमा कधी चढना नही. तो लाजी."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. जीवनरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, काय झालं म्हणून विचारलं, आणि मी सांगितलं नाही. एक उंबरठा गेला म्हणून रडू येतंय, असं कसं सांगायचं? त्यांना ते कळलंही नसतं. ते धुळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. त्यांच्या दारात कधी लाकडी उंबरठा नव्हताच.

सकाळी मी आमच्या उंबरठ्यावर बोटं उमटवली. सासरे, आजेसासरे, मोठ्या आत्या. आठवत होती तेवढी नावं घेतली, पण लक्ष सगळं समोर होतं. ताडपत्री गुंडाळून ती दोघं कडुनिंबाजवळ सामानाची गाठोडी घेऊन बसली होती. चोपड्याची एसटी दुपारची होती. बेबाबाईने भरलेली घागर शेजारी ठेवली होती, आणि ती कुठे पुजायची हे दोघांनाही माहीत नव्हतं.

बाकी ओपन स्पेस सणात होता. जीवनरावांनी भल्या पहाटे उठून कडुनिंबाला झोका बांधला होता, भक्कम दोराचा नाडा, बसायला जड पाटी. माझ्या आयुष्यात त्यांनी न सांगता केलेलं हे पहिलं काम. कडेला कॉलनीतले पुरुष सतरंजी टाकून पत्ते खेळत होते. आखाजीला पत्ते लागतातच; हिलाललाही त्यांनी डावात घेतलं होतं. ग्रुपवर स्वच्छतेचे मेसेज टाकणारे सगळे तिथे होते आणि त्यांच्याभोवती आत्ताच शेंगांची टरफलं साचली होती. साक्षी नवी साडी खोचून झोक्यावर चढली. चार पोरींनी ढकलायला सुरुवात केली. तिचा झोका वर जायचा, ती किंचाळायची, आणि मला माझे चोपड्याचे झोके आठवत होते.

बेबाबाई खाली जमिनीवर बसली होती. झोका तिच्या डोक्यावरून वर गेला की तिला पाटीची खालची बाजू दिसायची. ती एकदा बघून दचकली. पुन्हा झोका वर गेला, पुन्हा बघितलं. मग ती उठून दोन्ही हात वर करून ओरडली, "थांबाडा! झोका थांबाडा!"

साक्षीने घाबरून पाय घासत झोका थांबवला. बेबाबाईने तिला हाताला धरून खाली उतरवलं आणि पाटी उलटी केली. मधोमध खोलगट. कडेला कुंकवाचे काळपट ओघळ. चौकटीच्या खाचांतून ओवलेला आमचा नाडा.

"आई," साक्षी पांढरीफटक पडली. "मी उंबरठ्यावर बसले?"

मी ह्यांच्याकडे वळले. त्या क्षणी माझा चेहरा कसा होता कोण जाणे, पण जीवनराव दोन पावलं मागे सरकले. "अगं, ट्रॉलीत चाललं होतं सगळं," ते म्हणाले. "मी एक फळी काढून घेतली फक्त. सपाट बाजू वर केली. भोकं आयतीच होती. मला काय माहीत उंबरठा आहे ते?"

आणि हे खरं होतं. ह्यांनी चोरली नसती तर ती आज डेपोवर पेटली असती. ज्या माणसाला भाजीतली कोथिंबीर आणि मेथी वेगळी ओळखता येत नाही, त्याच्या अडाणीपणाने उंबरठा वाचला होता. मला हसावं की त्यांना धरून हलवावं ते कळेना. "सोडा तो नाडा आधी," मी म्हणाले, "सोडा पटकन."

"राहू द्या ताई," आबा म्हणाले. ते कधी उठून आले मला कळलं नव्हतं. "उंच शे ते बरं. मनी कंबर वाकत नही."

त्यांनी एका हाताने झोका धरला. हिलाल पत्त्यांतून उठून आला आणि त्याने दुसऱ्या बाजूचा नाडा धरला. बेबाबाईने घागर आणली, कुंकू कालवलं. सतरंजीवरचे पत्ते थांबले. आबांनी बोट बुडवून पहिलं बोट उमटवलं.

"उखा पाटील," ते म्हणाले. "मना आजला." मग दुसरं. "दगा. मना बाप." मग आई, मग एक भाऊ, मग लहानपणीच गेलेली एक पोर. प्रत्येक बोटाला झोका जरासा हलायचा आणि बोट थोडं तिरकं उमटायचं. लाकडावर लाल ठिपक्यांची वाकडी रांग तयार झाली. माझे डोळे भरले होते आणि मी ते पुसलेही नाहीत. म्हाताऱ्याला त्याची आखाजी मिळाली, असं मला वाटलं. त्याचा बाप आला, बापाला त्याने पाहिलं, आता म्हातारा सुखाने मुलाकडे जाईल. मी पान वाढायला घराकडे वळलेसुद्धा.

पण आबा अजून बोलत होते.

"बठ्ठा उनात ना? पानी प्या. आते आयका." त्यांचा आवाज घरातल्या माणसांशी बोलावं तसा होता, अगदी साधा. "पुढला सालले येऊ नका. गाव पानीमा गयं. घर नही. मी कोठे ऱ्हासू ते मालेच ठाऊक नही. तुम्ही येशात आणि पानीवरच फिरशात उगाच. आते तुम्ही सुटा. मना राग मानू नका."

तो माणूस इतके दिवस विंचवांत, उन्हात, आमच्या शिव्या खात बसला होता तो पितरांना बोलवायला नव्हे. त्यांना परत पाठवायला. दुसरीकडे कुठेही सांगून उपयोग नव्हता, कारण ते ऐकायला याच लाकडावर येणार होते.

"आबा, असं कसं म्हणता!" मी ओरडलेच. मला खरंच राग आला होता, आणि तो कुणावर हे मला अजून सांगता येणार नाही. "येऊ नका म्हणून सांगतात का कुणी आपल्या बापाला? काहीतरी करू. इथे ठेवू हा उंबरठा. मी सांभाळते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा राग आला नाही, हेच मला सहन होईना.

"पाव्हणाले 'ये' म्हणासाठे घर लागस ताई," ते म्हणाले. "'जा' म्हणासाठे बी लागस. आज व्हतं, म्हणून सांगी दिधं."

मग त्यांनी घागर उचलली आणि सगळं पाणी उंबरठ्यावर ओतलं. कुंकू वाहून खाली आलं, मातीत गेलं. थोडा वेळ लाकडाच्या खोलगट भागात लालसर पाणी साचून राहिलं. ते आबांनी तळव्याने पुसून काढलं.

"बठ माय आते," ते साक्षीला म्हणाले. "आते ते लाकूडच शे."

साक्षीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पोरी एकमेकींच्या मागे सरकल्या. सतरंजीवर कुंदनभाऊ हातातले पत्ते नुसतेच लावत होते, पुन्हा पुन्हा.

तेव्हा बेबाबाई पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही नाडे धरले आणि एक उडी मारल्यासारखं करून त्या ओल्या लाकडावर बसली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. सून होऊन आल्यापासून ज्या उंबरठ्यावर तिला कधी टेकू दिलं नसेल, त्याच्यावर ती पहिल्यांदाच बसली होती, आणि अवघडून नाही, चांगली पसरून.

"आजी," साक्षीने हळूच विचारलं, "आता कुठे जाणार तुम्ही?"

"आते कोठे बी," बेबाबाई म्हणाली. मग मागे न बघता आबांना म्हणाली, "द्या ना झोका."

आबा तिच्या मागे गेले. त्यांनी दोन्ही हात तिच्या पाठीला लावले आणि ढकललं.